तिसरं गेज

२ सप्टेंबर
संकल्प. यंदा जत्रेतल्या बटाटे उडवायच्या स्पर्धेत माझ्या तोफेचा बटाटा दोनशे यार्डांवरची दोरी ओलांडणार. तोफ घरीच केली आहे. प्लास्टिकची नळी, मागे झाकण, आत थोडा गॅस, एक ठिणगी.
बायकोशी, म्हणजे एर्लीनशी, लेखी करार झाला. जिंकलो तर गॅरेज माझं. हरलो तर सहा वर्षं पलंगाखाली सुटा पडलेला तिचा विणायचा माग तिथे लागणार. सही करताना मला तिची दयाच आली.

६ सप्टेंबर
गॅसचं माप, बस्स, एवढाच प्रश्न आहे. मेहुणा क्लोव्हिस त्याच्या तोफेत केसांचा स्प्रे अंदाजाने फुसफुसवतो आणि दरवर्षी जिंकतो. याला काय अर्थ आहे? मी स्टार्चच्या कारखान्यात एकतीस वर्षं काटे तपासले. माझ्या तोफेला गॅस मोजायचं गेज आहे.

११ सप्टेंबर, सकाळ
पहिला बार फक्कड. बटाटा शेजाऱ्यांच्या कोठारापार. दुसरा बार नाही. नुसतं टक्. निदान: गॅस कमी.
दुपार. गॅस वाढवला. टक्. गेज खोटं बोलतंय. नवं मागवलं.

१९ सप्टेंबर
नवं गेज. पहिला बार फक्कड, दुसरा टक्. दोन्ही गेज एकच आकडा दाखवतात. म्हणजे दोन्हींत एकच बिघाड. तिसरं मागवलं.
एर्लीन वाळलेले कपडे काढता काढता म्हणाली की, अरे, पहिला उडतो आणि मग नाही, तर आत धूर कोंडत असेल. झाकण काढ, जरा वारा घाल. म्हटलं, हे शास्त्र आहे, स्वयंपाकघर नाही. बरं, म्हणाली, आणि गॅरेजची खिडकी मोजायला गेली. टेप माझीच नेली.

२४ सप्टेंबर
शाळांना बटाटेकाढणीची सुट्टी लागली. सगळं गाव शेतात, मी गॅरेजात. क्लोव्हिसने बांधावरून ओरडून विचारलं की, दाजी, तोफेला आता किती घड्याळं झाली? तीन, मी अभिमानाने सांगितलं. मग वेळ तरी बरोबर दाखवते का, म्हणाला. सगळे मजूर हसले. मी नाही.

१ ऑक्टोबर, जत्रा, सकाळी ९
खात्रीसाठी सभागृहामागे एक बार काढून पाहिला. अप्रतिम! दोनशे तीस यार्ड तरी. बघायला फक्त एक गाय होती. जुळलेलं माप बिघडू नये म्हणून झाकण काढलंच नाही. नळीत नवा बटाटा ठोकला आणि तोफ तशीच मैदानात नेली.

दुपारी १
टक्. टक्. संधी तीनच. क्लोव्हिस म्हणाला की, दाजी, हातानेच फेका, लवकर पोचेल.
तेवढ्यात एर्लीन पुढे आली. मला बाजूला सारलं, झाकण काढलं, डोक्यावरच्या हॅटने वारा घातला, गेजकडे ढुंकूनही न बघता जरासा गॅस सोडला. धडाम! दोनशे बारा यार्ड. पंचांनी उडवणाऱ्याचं नाव विचारलं. एर्लीन, तिने सांगितलं. क्लोव्हिस दुसरा.
तिसरं गेज अचूक असल्याचं सिद्ध झालं. पण करारात माझ्या नावानिशी ‘लीलंडने स्वतः उडवलेला बटाटा’ असे शब्द आहेत. ते मीच घातले होते, अचूकपणासाठी. फार वाईट वाटलं. टाळ्या थांबतच नव्हत्या.

४ ऑक्टोबर
गॅरेजात माग लागला. खरं सांगायचं तर शोभतो. पण एर्लीन सुताचा ताण बोटांनी चाचपून ठरवते. त्याला गेज हवं. माझ्याकडे तीन पडून आहेत. तिला तसं सविस्तर सांगितलं.
तिने शांतपणे ऐकून घेतलं, आत गेली आणि गॅरेजला आतून कडी लावली.