बॉनेटखालचा डाग

प्रिय बाबा,

तुमच्या जुन्या गाडीत मी चुकीचं क्लच ऑइल टाकलं. डायरीत लिहून भागेना, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर गाडी प्रतापनगरला माझ्या दारात आली. मागच्या महिन्यात क्लच दाबला तर पेडल थेट तळाला. बॉनेट उघडलं, क्लचच्या डब्यात ऑइल निम्मंच होतं. तुमच्या सुधाकर मिस्त्रीला एक फोन केला असता तर? नाही केला. खरं कारण सांगू? मला त्याचा मत्सर वाटतो.

वीस वर्षं दर रविवारी तुम्ही हुडकेश्वरला, त्याच्या गॅरेजवर. "काय गा सुधाकर!" म्हणताना आवाज किती मोकळा व्हायचा तुमचा! माझ्याशी फोनवर तीन वाक्यं: जेवली का, पोरं कशी आहेत, ठेवतो. गाडीचं विचारलं की, "तुले काय करायचं आहे त्यात?" असं का म्हणायचात, बाबा?

मग मी एकटीच वाचत बसले. साधं ऑइल सांडलं तर गाडीचा रंग खातं, सिलिकॉनचं खात नाही. तेच मागवलं. डब्याशेजारी रंग उडालेला तळहाताएवढा डाग आहे ना? तो सुधाकरच्या धसमुसळेपणाचा, असं मी धरूनच चालले होते. माझ्या हातून असं होत नाही, हे तुम्हाला दाखवायचं होतं. गेलेल्या माणसाला!

लेबल तीनदा वाचलं. दुसऱ्या ऑइलवर हे ओतू नका, दोन्ही मिसळत नाहीत, ही ओळसुद्धा. आत आधी कोणतं आहे ते फक्त सुधाकरला ठाऊक, आणि त्याला विचारायचं नव्हतं. ओतलं.

दोन दिवसांत गिअर पडेना. शेवटी त्यालाच बोलावलं. डब्यात डोकावून त्याने कपाळाला हात लावला.

"हे काहून टाकलं ताई? साहेब यात साधं डॉट थ्रीच टाकत. मले एक फोन तं करायचा!"

"रंग जाऊ नये म्हणून," मी म्हटलं. आणि डागाकडे बोट दाखवून, लागेल असंच, "तुझ्या हातून गेला तसा."

तो हसायलाच लागला. "तो डाग माझा नाही, तुमचा आहे. पाच-सहा वर्षांच्या होत्या म्हणे तुम्ही. बाबाले मदत करतो म्हणून ऑइल भरायले गेल्या अन् सांडवलं. मी दहादा म्हटलं, साहेब, रंग मारून देतो. तं म्हणे, हात नको लावू गा, पोरीचा आहे तो."

मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच. हेही तुम्ही त्यालाच सांगितलंत! माझा डाग मी त्याच्या माथी मारत राहिले, आणि मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?

सुधाकरने सगळं उपसलं, पाइप स्पिरिटने धुतला, रबरं बदलली. डॉट थ्री भरण्याआधी डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं, थेंब पडलाच तर फडक्यावर पडावा म्हणून. "साहेबांची पद्धत," म्हणाला. तीही त्यालाच माहीत.

बाबा, यापुढे गाडीत डॉट थ्रीच जाईल. त्या डागावर रंग चढू देणार नाही. दर रविवारी नाही जमणार, पण हुडकेश्वरला जात राहीन आणि त्याच्याकडे असलेल्या तुम्हाला एकेका आठवणीने मागून घेईन.

पण पुढच्या वेळी ऑइल मी ओतणार. फडकं त्याने धरायचं.

तुमची सांडलवंडी पोरगी,
माधवी