सीताफळांची झोप आणि रुख्माचं लुगडं

केशोरी, कार्तिक वद्य अष्टमी, सन १९५६

तीर्थरूप मामाजी शालीकरामजी यांचे चरणी जावई यादोराव याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? सासूबाईंचा खोकला उतरला असेल. (नसल्यास अडुळसा पाठवतो, आमच्या बांधावर रग्गड आहे.) इकडे सर्व खुशाल, म्हणजे मी सोडून.

मागल्या आठवड्यात लग्नात आपण माझ्याशी बोलला नाहीत. कारण मला ठाऊक आहे. सख्ख्या भावाच्या लग्नात आपली लेक रुख्मा जुन्या, धुऊन विटलेल्या लुगड्यात उभी होती. साऱ्या मांडवाने जावयाकडे पाहिलं, आपण पाहिलं नाही. तेच जास्त लागलं. म्हणून घडलं ते लिहितो.

दिवाळीला आपण तीन टोपल्या सीताफळं पाठवली. मागच्या वर्षीची दोन दिवसांत पिकून डुकरांना गेली होती, आणि आपण चार माणसांत म्हणालात की जावयाला फळ खाता येतं, ठेवता येत नाही. ते मी विसरलो नव्हतो. तेवढ्यात आमचा ग्रामसेवक मुन्नालाल नागपुराहून शिकून आला. त्याचं म्हणणं, तोडलेलं फळही श्वास घेतं; थंड, बंद खोलीत कोंडलं की स्वतःच्याच श्वासाने सुस्तावतं आणि पिकायचं विसरतं. (सासुरवाडीत जेवल्यावर माझं होतं तसंच.) पिकलेलं एकही फळ आत नको, कुठे फट नको, वीस दिवस दार उघडायचं नाही. उघडल्यावर आधी कंदील आत धरायचा. विझला तर खोली नीट कोंडली गेली असं समजायचं, पण माणसाने लगेच आत जायचं नाही.

मी टोपल्या मागच्या खोलीत ठेवल्या, भिंती शेणामातीने लिंपल्या, खिडकीला फळ्या ठोकल्या. दार लिंपून हात धुतले, तेव्हा रुख्मा म्हणाली, "माजा लग्नातला लुगडा पेटीत आहे. पेटी अंदर आहे. मी काय नेसून जाऊ जी?"

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. ती गप्प राहिली. अकरा वर्षांत ती प्रथमच गप्प राहिली; मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

विसाव्या दिवशी मुन्नालालसमोर दार फोडलं. कंदील आत धरला, तो विझला. आनंदाने मी मुन्नालालला मिठी मारली. तासाभराने आत गेलो, तर सीताफळं काळी पडून फुटलेली, मुंग्यांच्या रांगा, आणि वास असा की शेजारची गाय हंबरू लागली.

मुन्नालाल म्हणाला, "शास्त्र चुकत नाही, यादोरावजी. कुठूनतरी हवा जाऊन राहिली होती." मग त्याने कंदील हलवून पाहिला. त्यात राकेल नव्हतं.

तर मामाजी, दोष सर्वस्वी माझा. क्षमा असावी.

आपला आज्ञाधारक,
यादोराव

ता.क. एखाद्या उशिराच्या झाडावर फळं उरली असतील तर एक टोपली पाठवावी. नियम नीट पाळून पाहतो.

दुसरा ता.क. पत्र टाकायला निघालो, तो मागच्या खिडकीखाली सीताफळाच्या बियांचा ढीग दिसला. एक फळी नुसती टेकवलेली होती. आत पेटी खिडकीला लागूनच आहे, कुलूप नाही. रोज सीताफळं काढणाऱ्या हाताला लुगडं सापडलं नसेल, असं मला वाटत नाही. पण ते नेसून ती लग्नाला आली असती, तर आपण भर मांडवात तिला नवं हिरवं लुगडं नेसवलं नसतं. म्हणून वरची क्षमा अर्धी परत घेतो. टोपली आता रुख्माच्याच नावाने पाठवावी. आणि मला कळलं, हे तिला कळवू नये. हिरवा रंग तिला फार शोभतो.