फडक्याशिवाय उतरवलेला गंज

प्रिय माय,

काल तुझे डॉक्टर घरी आले, म्हणून लिहायले बसली.

तेच, आमगावचे. तुझ्या दंडावरच्या फिकट चट्ट्याले नायटा म्हणत वर्षानुवर्षं मलम देणारे. किती भक्तीनं लावायची तू ते मलम!

दारातच म्हणाले, "बेटा, आम्हा डॉक्टरांचं कुष्ठरोगाचं ट्रेनिंग झालं. फोटो दाखवले. तुझ्या मायचाच दंड वाटला मले. चट्ट्यावर कापूस फिरवून कळते का, एवढंच पाहाचं होतं. मी कधी पाह्यलंच नाही."

राग आला, माय. खूप! "आता कायले आले?" तोंडावर विचारलं. तू असती तर म्हणाली असती, "पावण्याले पाणी तरी दे वो." मग दिलं.

आठवते, लग्नाच्या पंगतीत भाताची पेज काढाची असली की तुलेच हाक यायची? भाताचं ते मोठं पातेलं, उकळता गंज, तू नुसत्या हातानं वाकवायची. बाया म्हणायच्या, "इच्या हाताले आगही भेते!" तू हसायची. काऊन हसायची वो? चटका कळत नाही, हे तुले तरी कळलं होतं का?

मग धानाच्या रोवणीत, बांधीतल्या चिखलात पायात काच घुसली. तुले पत्ताच नाही. दिवसभर रोवत राहिली. जखम चिघळली, ताप चढला, अन् दवाखान्यातून तू परत आलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, घरच्यांलेही तपासावं लागते. मी चुलीवरून गंज उतरवून राहिली होती. ते एकदम ओरडले, "फडकं कुठं आहे?"

मी तोऱ्यात म्हटलं, "मायवर गेली मी."

त्यांचा चेहरा पडला. मले बसवलं. "डोळे मीट. कापूस लागला की सांग."

मी वाट पाहून राहिली. कंटाळून म्हटलं, "लावा ना आता!" डोळे उघडले, तर कापूस माझ्या करंगळीवरच होता.

खूप रडली, माय. ते म्हणाले, "लवकर सापडलं, गोळ्यांनी बरं होते." अन् स्वतःच डोळे पुसत बसले. तुले कोणी एकदा तरी डोळे मिटायले सांगितलं असतं तर!

गोळ्या चुकवणार नाही, तुझी आण. गंजाले फडकं लावीन. पंगतीतल्या बाया हसल्या तर त्यांचेही हात पाहीन. अन् कधी चटका बसलाच, तर साऱ्या गावाले ऐकू जाईल एवढी ओरडीन. तू कधी ओरडली नाही, तुझ्याही वाट्याचं ओरडीन.

तुझीच,
मंदा