बर्फाचा विषय

९ जानेवारी

आमचाही नंबर लागला! डीन व्हासेकबाईंनी आज सभेत सांगून टाकलं — ज्यांना विद्यार्थी कमी, ते विषय जूनपासून बंद. लॅटिन, मधमाशापालन, व्हायोलिन आणि माझं हिमशास्त्र. त्यांच्या जागी नवा विभाग, पर्वतीय पर्यटन; तो मात्र याच महिन्यात सुरू. सँडविच मात्र छान होती.

लॅटिनचा गस कानात म्हणाला, "माझी भाषा मरून युगं झाली, मला कसली भीती? तू जप, बाई." हसले. घरी येऊन रडले.

१४ जानेवारी

विद्यापीठामागच्या उतारावर बर्फात खड्डा खणला. वरचा थर घट्ट, खाली नुसती भुसभुशीत साखर. फावड्यानं हलकेच थोपटलं तर वरचा अख्खा ठोकळा घसरून माझ्या गुडघ्यांवर! चालताना पायाखाली धप्प — आतला थर बसल्याचा आवाज. एका माणसाच्या वजनानंही अख्ख्या उताराचा बर्फ सुटून कोसळेल. इथे आत्ता कोणी पाऊल टाकू नये.

१५ जानेवारी

पर्यटनवाल्यांची पहिली सहल त्याच उतारावर! येत्या २४ ला, शनिवारी. वर डीनबाईंच्या हस्ते उद्घाटन, फोटो.

वाट दाखवणार कोल्बी. माझा कोल्बी — कितीतरी हिवाळे माझ्याबरोबर खड्डे खणलेला. माझ्याकडे त्याला द्यायला पगार उरला नाही, तिकडे गेला. बायको बाळंत व्हायची आहे, त्याला कसा दोष देऊ?

१९ जानेवारी

डीनबाईंना म्हटलं, सहल पुढे ढकला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसल्या. "मॅरिट, विषय बंद व्हायच्या वेळेलाच बरा येतो तुमचा लांडगा!"

विषय गेला खड्ड्यात, मुलांचं बघा, मी म्हटलं.

"काल व्हायोलिनवाले आले होते. व्हायोलिन गेलं की मुलं वेडी होतील म्हणे. इथे प्रत्येकाच्या विषयावाचून जग बुडतंच."

सभेत मीही तसंच बोलले होते.

२० जानेवारी

गससुद्धा! कॉफी पिताना म्हणतो, "युक्ती झकास काढलीस. लॅटिनला असा एखादा डोंगर असता तर!" कप तसाच टाकून उठले.

२२ जानेवारी

नवा बर्फ, वर सोसाट्याचा वारा. याहून वाईट काय असणार?

कोल्बीला गाठलं. "मला कळतंय, प्रोफेसर. मीही काल खणून पाहिलं."

मग नाही म्हण ना!

"सगळे म्हणतील, तुमच्यासाठी मीच सहल मोडली. नोकरी नवी आहे हो." खाली बघत होता. "मुलांना झाडांतच थांबवीन. आधी एकटा पुढे जाऊन बघेन."

जाऊ नकोस, म्हटलं. खांदे धरून म्हटलं.

"होईल नीट. तुम्हीच शिकवलंयत ना?"

२३ जानेवारी

डीनबाई फोन घेत नाहीत. शेरीफच्या कचेरीत, म्हणजे इथल्या पोलिसांत, सहल थांबवाल का विचारलं — "जमीन विद्यापीठाची, विद्यापीठ बघेल." जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी

मुलं झाडांत थांबली. सगळी सुखरूप. डीनबाईही.

कोल्बी एकटा पुढे गेला आणि उतारावरचा सगळा बर्फ सुटून त्याच्यासकट खाली आला. खालून बघत होते मी. ओरडले, पण त्या आवाजात काय ऐकू जाणार! दिसेनासं होईपर्यंत आम्ही खणत होतो. गसही खणत होता.

२६ जानेवारी

आमचा विषय राहिला. आज सभेत एकमताने ठरलं. विभागाला कोल्बीचं नाव देणार आहेत. तो अजून सापडलेला नाही.