राहिलेला विषय : सामाजिक शास्त्रे

४ जानेवारी, सकाळी ६.४०
काल कारखान्याच्या नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. स्टोअरचे सुपरवायझर जूनअखेर रिटायर होतायत. त्यांच्या जागी कारखान्यातलाच माणूस घेणार. अटी दोन. दहा वर्षं नोकरी झालेली हवी आणि माध्यमिक शाळेची परीक्षा पास हवी.
पहिली अट मी जवळजवळ दुप्पट पुरी केली आहे. एकोणीस वर्षं स्टोअरमध्ये असिस्टंट. दुसऱ्या अटीत किरकोळ अडचण. सगळे विषय सुटले, एक राहिला. सामाजिक शास्त्रे. तीन वेळा बसलो. तिन्ही वेळा तपासणारा पूर्वग्रहदूषित निघाला.
मार्चमध्ये परत बसतोय. सत्तर मार्क घ्यायचं ठरवलं आहे. पंचाहत्तर नकोत, लोकांच्या डोळ्यांवर येतं.

५ जानेवारी
टाइमटेबल केलं. चार रंगांची पेनं वापरली. पहाटे पाच ते सात इतिहास, संध्याकाळी भूगोल, मधल्या सुट्टीत नागरिकशास्त्र. रविवारी रिव्हिजन. कपाटाच्या दारावर चिकटवलं. कॉलेजात शिकणारी आमची कन्या म्हणाली, छान दिसतंय. आज अभ्यास झाला नाही, पण झाल्यासारखं वाटतंय.

६ जानेवारी, सकाळी ८.१५
पाचचा गजर हिने बंद केला. ही म्हणते, तुम्हीच केलात. झोपेत झालेली गोष्ट माणसाच्या अंगाला लावू नये.

९ जानेवारी
राहिलेल्या विषयांसाठी शाळेत क्लास निघालाय. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. रिटायर झालेल्या एक बाई शिकवतात. दिवसभर स्टोअरच्या खिडकीशी उभं राहायचं आणि वर मुलांच्या बाकावर बसायचं, माझ्या कमरेला हे झेपणारं नाही. तोडगा काढला. क्लासला हिने जायचं, नोट्स काढायच्या, मी त्या घरी आरामात वाचायच्या. डोकं लागतं अशा गोष्टींना.
पण बाई म्हणे परीक्षेचा फॉर्म भरल्याशिवाय कोणाला बसू देत नाहीत. मग हिचाही फॉर्म भरून टाकला. योगायोगाने हिचाही हाच विषय राहिलेला. शेवटचा पेपर, आणि आदल्या दिवशी हिच्या वडिलांना दवाखान्यात हलवलं. ही तिकडे गेली, पेपर बुडाला. म्हणजे हिने पेपर दिलाच नाही आणि मी तीनदा दिला. अनुभव कोणाला जास्त, ते उघड आहे.
हिने दोनदा विचारलं की खरंच बसू का परीक्षेला. म्हटलं, बस की, तेवढाच बदल. बारा वर्षं आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे बिचारी, खोक्यांपलीकडे काही पाहिलेलं नाही.

१६ जानेवारी
नोट्स आल्या. अक्षर छापल्यासारखं. समासात बारीक प्रश्न लिहिलेत, आणि त्यांची उत्तरंही हिनेच शोधलीत. एवढं सांगितलं नव्हतं.

२३ जानेवारी
क्लासचा दर्जा तपासायला आज स्वतः गेलो. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि अच्छा, म्हणजे तुम्ही यांचे मिस्टर, असं म्हणाल्या. 'यांचे'! एकोणीस वर्षांत मला कोणी कुणाचा म्हणून ओळखलेलं नाही. वर हिची वही सगळ्या वर्गाला फिरवून दाखवली. औद्योगिक क्रांतीची कारणं अशी लिहावीत म्हणे. ती वही माझ्यासाठी काढलेली आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी मला क्रांतीचं एक कारण विचारलं. कंबर दुखत असल्याने लवकर निघालो.

३० जानेवारी
माझी पद्धत ठरली. स्टोअरची पद्धत. आमच्याकडे मालाची स्लिप येते, तिच्यावर नंबर असतो. एक नंबरचा माल दिल्याशिवाय दोन नंबरच्या स्लिपला मी हात लावत नाही. फोरमन खिडकीवर कितीही बुक्क्या मारो, मशीन बंद पडलेली असो. शिस्त म्हणजे शिस्त. अभ्यासाचंही तेच. पहिला धडा पक्का झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.
पहिला धडा चालू आहे.

३१ जानेवारी
पहिला धडा चालू. पाया भक्कम होतोय.

६ फेब्रुवारी
आज पॅकिंगमध्ये तमाशा. पंखा कोणाच्या टेबलावर फिरवायचा यावरून तिथल्या बायकांचं दोन महिने भांडण होतं. हिने काय केलं, तर निवडणुकीचा धडा पाठ व्हावा म्हणून सरळ मतदान घेतलं. रिकाम्या खोक्याची मतपेटी, घडी घातलेल्या चिठ्ठ्या, मोजणीला दोन्ही बाजूंची माणसं. हरलेल्या बायकांनीही मुकाट्याने मान्य केलं. खुद्द मोठे साहेब दारात उभे राहून बघत होते. जाताना म्हणाले, हे कोणाच्या डोक्यातून निघालं. सगळ्यांनी हिच्याकडे बोट दाखवलं.
एवढं कौतुक कशाला? स्टोअरमध्येही पंखा आहे. माझ्याकडे आहे. कधी भांडण झालं नाही.

१० फेब्रुवारी
कन्या अभ्यासाच्या वेळी हिला चहा करून देते. मी हाक मारली तर गॅस बंद केला म्हणाली.
पॅकिंगच्या बायका खोकी भरता भरता हिला प्रश्न विचारतात. फोरमनसुद्धा काल हिला अक्षांश म्हणजे काय ते विचारत होता. त्याला कशाला हवेत अक्षांश, मेल्याला? वर मला म्हणाला, वहिनी भलत्याच हुशार हो, तुमचं काय चाललंय. दात सगळे बाहेर.
हे मी फक्त नोंद म्हणून लिहितोय.

११ फेब्रुवारी
नोंद वगैरे काही नाही. जळतोय मी. चांगला जळतोय. माझा विषय, माझं पद, माझी आयडिया, आणि हार मात्र हिच्या गळ्यात. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला आणि आता तो उचलायला लोक हिला बोलावतायत.
लिहिल्यावर बरं वाटलं. उद्यापासून दुसरा धडा. पहिल्याचं शेवटचं पान राहिलंय.

१४ फेब्रुवारी
हिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. नवरा म्हणून माझं काही कर्तव्य आहे. हिचं पाठ्यपुस्तक स्टोअरमध्ये नेलं, मागच्या रॅकमध्ये, जुन्या पुलींच्या मागे ठेवलं. त्या पुली दहा वर्षांत कोणी मागितलेल्या नाहीत. आता हिला सक्तीची विश्रांती.
ही घरभर शोधत होती. मीही शोधू लागलो. पलंग सरकवला. कंबर धरली.

१७ फेब्रुवारी
पुस्तक हरवल्याचं कळल्यावर बाईंनी हिला स्वतःचं पुस्तक दिलं. बाईंचं! तीस वर्षांच्या अनुभवातून केलेल्या पेन्सिलच्या खुणा आहेत त्यात. पेपरात काय येतं, काय येत नाही, मुलं कुठे चुकतात, सगळं समासात. सोन्याची खाण. असं पुस्तक सगळ्या गावात दुसरं नाही आणि ते मी हिला मिळवून दिलं.
वाचायला मागितलं. लगेच दिलं. इतक्या सहज दिलं की मला राग आला आणि मी नको म्हणालो.

२ मार्च
दुसरा धडा सुरू. एकूण बावीस आहेत. गणित केलं. घाबरण्याचं कारण नाही, अभ्यासाला वेग शेवटी येतो.

८ मार्च, संध्याकाळ
ही येऊन समोर बसली. म्हणाली, रोज वीस प्रश्न विचारते, नेमके येणारेच विचारते, नकाशा तर दोन संध्याकाळींत करून घेते. पास होण्यापुरतं सहज होईल म्हणाली. 'पास होण्यापुरतं'. सत्तर ठरवलेल्या माणसाला! मी सांगितलं की उसन्या विद्येवर जगणाऱ्यातला मी नव्हे. ती पुस्तक मिटून आत गेली.
प्रश्न विचारून घ्यायला हवे होते असं एकदा वाटलं. मग वाटलं नाही.

११ मार्च, दुपारी ३
पेपर झाला. तपशील लिहून ठेवतो, पुढे वाद नको.
नंबर लागोपाठचे, त्यामुळे मी पुढच्या बाकावर आणि ही बरोबर माझ्या पाठीमागे. पेपर सोपा होता. पहिला प्रश्न, रिकाम्या जागा भरा. एक नंबर भरला. दोन नंबर: वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाला ...... म्हणतात. येत होतं. अगदी ओठांवर होतं. इमारतीवर असतो तो पत्र्याचा कोंबडा डोळ्यांसमोर उभा, फक्त नाव येईना. आता दोन नंबर दिल्याशिवाय तीनला हात कसा लावायचा? थांबलो. पर्यवेक्षक म्हणाले, पुढचं सोडवा. मी त्यांना शांतपणे सांगितलं की माझी कामाची पद्धत आहे. ते परत आले, परत सांगितलं. तिसऱ्यांदा आले नाहीत.
पाठीमागून सारखी पानं उलटल्याचा आवाज. हिने पुरवणी मागितली. मग दुसरी मागितली. तिसरी मागितली तेव्हा मी मागे वळलो, तर मलाच तंबी मिळाली. माझ्या एकाग्रतेचा भंग कोण करत होतं, हे कोणी पाहिलं नाही.
पन्नास मिनिटांनी तीन नंबर घेतला. नाइलाजाने, तत्त्व मोडून. नकाशा शेवटी होता. तिथवर पोचलो तेव्हा घंटा झाली.
कोंबड्याचं नाव घरी येताना रस्त्यात आठवलं. वातकुक्कुट. हिला सांगितलं नाही.

१२ मार्च
हिचं पुस्तक स्टोअरमधून आणून कपाटात ठेवलं आणि सापडलं म्हणून ओरडलो. हिने हातात घेतलं आणि वरचं ग्रीस फडक्याने पुसलं.

१ एप्रिल
शांतपणे हिशेब केला. अडतीस तर नक्की. अक्षराचे दोन. चाळीस.

२ जून, सकाळी ११
निकाल. माझे एकतीस. पासला पस्तीस लागतात. चार मार्कांसाठी माणसाच्या एकोणीस वर्षांवर पाणी. फेरतपासणीला टाकणार. तपासणारा बदलायला हवा.

२ जून, दुपार
हिचे एक्क्याऐंशी. बाई पेढ्यांऐवजी पेन घेऊन घरी आल्या. चांगलं, निबाचं. मला म्हणाल्या, प्रयत्न सोडू नका. कन्या नाचत होती. ही आत जाऊन, दार लोटून रडली. हिच्या वडिलांचं नाव घेत होती. मी दाराशी उभा होतो. अभिनंदन म्हणायला शब्द जुळवेपर्यंत ती तोंड धुऊन बाहेर आली आणि माझ्या ताटाचं बघायला लागली.

१० जून
सुपरवायझरपदाला कोणी पात्र उमेदवार नाही, अशी पक्की बातमी आहे. म्हणजे अट शिथिल करावी लागणार. म्हणजे मी. साहेबांशी बोलायला चार मुद्दे काढले.

१४ जून
साहेबांनी स्वतःहून बोलावलं. मुद्दे खिशात होते. साहेबांनी खुर्ची दिली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाले, परिपत्रकात कोणताही विभाग असं लिहिलंय. परत काढून दाखवलं. खरंच लिहिलंय. पंख्याचं भांडण जिने मिटवलं तिला मी विसरलेलो नाही, असंही म्हणाले. मग विचारलं की तुम्हाला काही अडचण नाही ना, घरचीच गोष्ट आहे.
म्हटलं, कसली अडचण. उलट फॉर्म मीच भरला होता.
बाहेर येऊन गोदामाच्या मागे बराच वेळ उभा होतो.

२९ जून
हिने विचारलं, नको म्हणून सांगू का साहेबांना. खरंच सांगितलं असतं हिने. माझ्या जिभेवर हो आलं होतं. कन्या माझ्याकडे बघत होती. पाणी प्यायलो आणि म्हणालो, वेडी आहेस का.
हे एक काम मी बरं केलं. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिलं जाणार नाही.

१ जुलै, संध्याकाळ
हिचा पहिला दिवस. सकाळी बरोबरच निघालो. गेटपाशी मी बुटाची नाडी बांधायला थांबलो, हिला पुढे जाऊ दिलं.
स्टोअरमध्ये सगळ्यांना एकच उत्सुकता, हा आता बायकोला काय म्हणून हाक मारतो. फोरमन तर काम नसताना खिडकीशी येऊन उभा. घरी मी हिला अगं म्हणतो. ते इथे चालायचं नाही. मॅडम म्हणायची सकाळी आंघोळ करताना तालीम केली होती, जमत होतं.
अकरा वाजता मालाची पेटी आली. चलनावर सुपरवायझरची सही लागते. कागद घेऊन केबिनच्या दाराशी गेलो. ही खाली मान घालून रजिस्टर बघत होती. मी मॅडम म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, अहो.
फोरमनसुद्धा हसला नाही.
बावीस वर्षं ही मला ह्याच शब्दाने हाक मारते. स्वयंपाकघरातून, मोरीतून, जिन्यातून. पहिल्या हाकेला मी कधी ओ दिल्याचं आठवत नाही. हिने मान लगेच वर केली, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि काय हवंय, असं विचारलं.