कुंदाच्या वहीत

४ डिसेंबर
ही वही माझ्या सुनेची, कुंदाची. कोहमाऱ्याहून समुपदेशनवाली मॅडम येते, तिनं दिली. मनात येईल ते लिहा म्हणाली. कुंदानं उशाशी ठेवली, उघडली नाही. म्हणून मी बोलून राहिली, नात शीतल लिहून राहिली. मी 'मले' म्हणते, ही 'मला' लिहिते. नववीत आहे, काय करता.

मॅडमनं कागद काढून विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस उदास वाटलं? कुंदा भिंतीकडं पाहत होती. मीच म्हटलं, "भादव्यापासून मोजा बाई, बोटं पुरली तर सांगा."

भादव्यात गणेश धानाला पाणी सोडायला तलावाच्या तुडुमाशी, बांधातल्या मोरीशी उतरला. पाणी सुटलं. तो वर आला नाही. माझा लेक.

शीतलचा हात थांबला. बाप होता तिचा. उरलेलं उद्या.

९ डिसेंबर
मॅडमनं कागद पिशवीतून काढलाच नाही. माझ्याजवळ बसून लाखोरीची भाजी निवडली. अर्ध्या काड्या भाजीत, अर्धी भाजी केरात. मग म्हणते, "आजी, तुमच्याकडं माणूस गेला की कसं रडतात?"

हे कोणी विचारलं नव्हतं. सांगितलं. माहेरची बाई येते, गळ्यात पडते, हेल काढून रडते. गेलेला काय खायचा, कशी हाक मारायचा, एकेक सांगते. दुसरीनं पुढचं जोडायचं. त्याला भेट म्हणतात.

"कुंदाताईंची झाली?"

मी भाजीत पाहिलं.

तेव्हा कुंदा घडीघडी बेशुद्ध पडत होती. तिची माय आली तर मी दारातच अडवलं. "रडू नका, पोरगी मरंल." डॉक्टरीण मीच ना. तेव्हापासून या घरात कोणी रडलं नाही. मी पण नाही. मी लोकांना हसवलं.

मॅडम रागावली नाही. म्हणाली, कुंदाताईंना भगताकडं न्यायचं तर न्या, पण दवाखान्याच्या गोळ्या सोडून नाही. आणि भेटीचं आधी कुंदाताईंना विचारा.

११ डि.
शीतलनं विचारलं, "आई, तुझ्या मायले भेटीले बोलावू?" कुंदानं मान हलवली. हो म्हणून.

१४ डिसेंबर
विहीण तिरोड्याकडून आली. चप्पल दारात, पिशवी हातात, तशीच लेकीच्या गळ्यात पडली. कुंदा मांडवाच्या खांबासारखी उभी. रडणारी एकटीच रडून राहिली.

मग विहीण माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "माझ्याकडं कायले वो, मी तर म्हातारी..."

काय झालं मला आठवत नाही. शीतल सांगते, मी सगळं काढलं. सुक्या मासोळीसाठी कसा रुसायचा, म्हशीशी बहिणीशी भांडावं तसा कसा भांडायचा, त्या दिवशी हिरवा सदरा घालून कसा गेला.

मागून आवाज आला. "निळा होता."

कुंदा.

"निळा. खिसा उसवला होता. सकाळी मीच शिवून देल्ला."

आणि खाली बसली. तिची माय तिच्यापाशी बसली. पुढं मला दिसलं नाही, माझेच डोळे कामाचे नव्हते.

१५ डिसेंबर
कुंदा पुन्हा गप्प. भात अर्धा ठेवला. मॅडम फोनवर म्हणे, घाई करू नका आजी. मी म्हटलं, मी कधी केली? शीतल हसली. खूप दिवसांनी.

हिरवा कसा म्हटलं मी. माय असून.

२१ डिसेंबर
आज वही उघडली तर एक पान भरलेलं. शीतल म्हणते, "माझं अक्षर नाही." मला तर सगळ्या मुंग्याच.

"वाच ना पोट्टे."
"आईनं सांगितलं, आजीले वाचून दाखवू नको."
"सांगितलं? तोंडानं?"
"हो."
"अन् मॅडमले?"
"मंगळवारी मीच दाखवीन, आई म्हणे."

बरं. ते पान उलटव. पुढच्यावर लिही. मधे एक कोरं सोड, तिला लागलं तर.