ओढपाऊल

२ ऑक्टोबर १९७२, नाहा

दारात एक माणूस उभा! उन्हानं करपलेला, दाढी वाढलेली, पाठीवर बोचकं. पेरू देशातून आलोय म्हणाला. कामे बिसेचा नातू. कामे बिसे म्हणजे बाबांचा कराटेतला गुरुबंधू, ओकिनावाच्या लढाईच्या खूप आधी बोटीनं गेला तो गेलाच. नातवाचं नाव रिकार्दो.

जपानी धड येत नाही, पण आपली ओकिनावाची बोली अशी बोलतो की माझी आजीच पुन्हा उठून आली! "आत्याबाई, म्या आत येऊ का?" इथली पोरंसुद्धा ही बोली विसरली. याला कुणी शिकवली? आणि आत्ताच कसा उगवला? महिनाअखेरीला जपानच्या मुख्य भूमीवरच्या कराटे संघटनेची माणसं यायची आहेत, नेमक्या त्याच महिन्यात?

५ ऑक्टोबर

आज तालमीत त्यानं आमचा शेवटचा काता, ठरलेल्या हालचालींची ती मालिका, करून दाखवला. वार, वळणं, शेवटचं वंदन, सगळं ओळखीचं. पण आमचं ओढपाऊल नाही! जिथं उजवा पाय जमिनीवरून ओढत न्यायचा, तिथं हा सरळ उचलून टाकतो. बगळ्यासारखा.

सगळे हसले. नाकान्दाकारी सर्वात मोठ्यानं. तो बाबांचा थोरला शिष्य, ओसाकाची शाखा त्यानंच उभी केली. म्हणाला, "पाय ओढायचं जहाजातच विसरले वाटतं! नाहीतर पेरूतल्या बटाट्याच्या शेतात पाय ओढता येत नसेल!"

बाबा हसले नाहीत. बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फुमी, याचं अंथरूण आतल्या खोलीत घाल."

आतल्या खोलीत! पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी!

६ ऑक्टोबर

भात पुन्हा मागून घेतो. कारलं मात्र बाजूला सारतो. कारलं न खाणारा ओकिनावाचा कसा?

१० ऑक्टोबर

शाळेत शिकवून येताना नाकान्दाकारी भेटला. कोपऱ्यावर थांबवून हळूच म्हणाला, "ताई, लक्ष ठेवा. संघटनेची माणसं काता चित्रित करणार. जो चित्रित होईल तोच यापुढं खरा. ओसाका, हवाई, जर्मनी, सगळीकडं तोच. अशा वेळी कुणीतरी येतो आणि म्हणतो, खरा काता आमच्याकडं! कशासाठी येतो?"

मलाही तेच वाटत होतं.

घरी कुणी नव्हतं. मी रिकार्दोचं बोचकं उघडलं. हो, उघडलं! एक लोकरीची टोपी, आजोबांचा फोटो, दगडासारखे वाळवलेले बटाटे. आणि कॅमेरा!

१४ ऑक्टोबर

सकाळी बाबा तालमीचं दार आतून लावून घेतात. आत ते आणि रिकार्दो, दोघंच. आज नाकान्दाकारीलाही बाहेरूनच परत पाठवलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बिचारा अंगणात उभा राहिला, मग गेला.

म्हाताऱ्या माणसाला गोड बोलून काय काय काढून घेता येतं! बाबांचा गुडघाही हल्ली फार दुखतो. वय झालं. पूर्वीपासूनच जरा ओढत चालतात. शिष्य कौतुकानं म्हणतात, गुरुजी बाजाराला निघाले तरी कराटेच करत जातात.

१७ ऑक्टोबर

पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं!

धुतलेल्या चादरी वाळत घालायच्या निमित्तानं मागच्या खिडकीशी गेले. पुढं रिकार्दो उभा. मागं बाबा! तो करेल तसं बाबा करत होते. नवख्या पोरासारखं. आणि तो, काल आलेला माणूस, म्हणतो, "न्हाई आजोबा. पाय उचला."

बाबा म्हणाले, "हो. पुन्हा दाखव."

माझं डोकंच फिरलं. तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा गाठलं. "कोण समजतोस तू स्वतःला? गुरुजींना शिकवतोस?"

त्यानं पेला खाली ठेवला. "आत्याबाई, म्या नको म्हटलं व्हतं. त्यांनी हात जोडले माझ्यापुढं. मंग काय करू?"

१८ ऑक्टोबर

बाबांना विचारलं. वाटलं, रागावतील. अंगणातल्या फुकुगीच्या झाडाखाली बसवून घेतलं आणि पॅंट गुडघ्यावर सारली. बापाचा गुडघा मी कधी नीट बघितलाच नव्हता. मांस ओरबाडून काढल्यासारखा खड्डा.

लढाईच्या वर्षी मी क्यूशू बेटावर होते, शाळेच्या इतर पोरांबरोबर हलवलेली. परत आले तेव्हा बाबा होते, आई नव्हती. तेव्हापासून ते वर्ष आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

"लढाईत लपलो होतो त्या दक्षिणेच्या गुहेत लागलं," बाबा म्हणाले. "बाहेर कसा आलो ते विचारू नकोस. पुढं शिकवायला लागलो तेव्हा हा पाय उचलेना. मी ओढत न्यायचो. पहिल्या शिष्यानं माझं बघून ओढला. मला वाटलं, सांगू उद्या. दुसऱ्यानं ओढला. मग हवाईहून माणूस आला, तोही ओढत परत गेला. मग लोक त्याचा अर्थ सांगायला लागले. मग हसायची वेळ निघून गेली, फुमी."

"आणि तुमच्या गुरुजींचं खरं पाऊल?"

"विसरलो. विचारायला कोण उरलं होतं? माझ्याबरोबर शिकलेले सगळे त्या वर्षी गेले. एक कामे तेवढा पेरूत होता. त्याचा नातू दारात आला, पाय उचलला, आणि मला गुरुजी दिसले."

जगभर इतकी माणसं माझ्या बापाची जखम शिकतायत. त्यासाठी बक्षिसं घेतायत.

१९ ऑक्टोबर

रिकार्दोला कारल्याऐवजी रताळी उकडून दिली. कॅमेऱ्याचं विचारलं. पेरूत त्याच्या आजीला आमचं घर बघायचंय म्हणे. खरंच असेल.

२३ ऑक्टोबर

आता झोप उडाली आहे ती नाकान्दाकारीमुळं. बाबा सगळ्यांसमोर खरं सांगणार म्हणतात. त्याचं काय? ओढपाऊल म्हणजे भूमीशी नातं तुटू न देणं, असं तो प्रत्येक सभेत सांगतो. त्याची सगळी प्रतिष्ठा त्या एका पावलावर उभी आहे. काल सहज विचारलं, "हे पाऊल गुरुजींच्याही गुरुजींचं का रे?"

"ताई, असं का विचारता?" म्हणाला, आणि नजर चुकवली.

याला माहीत आहे! नक्की माहीत आहे, आणि फायद्यासाठी गप्प बसलाय. मला रिकार्दोवर पाळत ठेवायला सांगत होता तो यासाठीच!

२९ ऑक्टोबर

झालं एकदाचं.

संघटनेची माणसं कोट घालून ओळीनं बसलेली. बाबा उठले. मला भीती होती, आवाज फुटायचा नाही. फुटला. गुहा, गुडघा, पाऊल, सगळं सांगितलं. "माझ्या लंगडेपणाला तुम्ही विद्या समजलात. चूक तुमची नाही." मग रिकार्दोला बोलावलं. त्यानं काता केला, पाय उचलून. काय सुंदर केला!

जर्मनीहून आलेला एकजण स्वतःच्या पायाकडे बघत बसला होता.

आणि मग नाकान्दाकारी उठला. न बोलावता! बाबांना वाकून नमस्कार केला आणि तोच काता सुरू केला. पाय ओढत! अख्खा काता, बाबांच्या डोळ्यांदेखत, एकेक पाऊल जमिनीवर घासत. इतका उर्मटपणा! बाबांनी मान खाली घातली. रडत होते.

पाहुणे गोंधळले. दोन्ही चित्रित केले, कुठला खरा ते मागाहून कळवू म्हणाले आणि गेले. नाकान्दाकारी अवामोरी दारूच्या मेजवानीलाही थांबला नाही. बरं झालं! आता या घराची पायरी चढू देणार नाही.

३० ऑक्टोबर

नाकान्दाकारी मागच्या दारानं आला. मी बस म्हटलं नाही. उभ्यानंच बोलला.

"ताई, गुहेतून त्यांना पाठीवर घेऊन मीच निघालो. चौदा वर्षांचा होतो. थोडं गेल्यावर मला पेलवेनात. ते उतरले. म्हणाले, माझ्या मागून ये, मी पाय ठेवीन तिथंच ठेव. चिखलात सगळीकडं सुरुंग होते. ते पाय ओढत चालले. त्या खुणेवरून मीही ओढत चाललो. इकडंतिकडं गेलेले सगळे मेले. मला कराटेचं दुसरं पाऊल ठाऊकच नाही, ताई."